जसं बोललं तसं: लहान मुलांचं बोलणं वहीत कसं उतरवावं

मी ३४ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. ठाण्यात खिळे जुळवणारे छापखाने होते तेव्हा कामाला लागलो आणि संगणकावर पानं लागायला लागल्यावर काही वर्षांनी निवृत्त झालो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम, म्हणजे १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली त्यात पडलेली ४ ची भर, मला अजून क्रमाने म्हणता येतात. चुकीचा शब्द दिसला की नजर अडते आणि हात समासाकडे जातो. हे आधीच सांगतो, कारण आता जे सांगणार आहे त्यासाठी मला हीच सवय मोडावी लागली.

गेली चार वर्षं आठवड्यातले पाच दिवस मी नौपाड्यातून स्टेशनला चालत जातो, ट्रान्स-हार्बरची गाडी धरतो आणि ऐरोलीला लेकीकडे उतरतो. लेक-जावई कामावर जातात, नात माझ्याजवळ असते. ती आता साडेपाच वर्षांची आहे. मी तिचा आबा. तिचं नाव इथे लिहिलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

ती दीड वर्षाची असल्यापासून तिचं बोलणं मी वहीत लिहितो. सध्या पाचवी वही चालू आहे. सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांनी आणि शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आयांनी अनेकदा विचारलं, की तुम्ही हे नेमकं करता कसं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली वही का वाया गेली

पहिल्या वहीत एक नोंद आहे: "संध्याकाळी बेल वाजली तेव्हा म्हणाली, बाबा आला." लेकीने ती वाचली आणि विचारलं, "आबा, यात लिहिण्यासारखं काय आहे?" खरंच काही नव्हतं. कारण ती 'आला' म्हणालीच नव्हती. ती म्हणाली होती, "बाबा येला." कागदावर येईपर्यंत माझ्या हाताने शब्द शुद्ध करून टाकला होता.

आता 'येला' कुठून आला ते बघा. बस, बसला. पड, पडला. खेळ, खेळला. हे सगळं आजूबाजूला ऐकून, कुणी न शिकवता, तिने त्यातला नियम काढला आणि तो 'ये'ला लावला. 'जा'ला लावला, 'जाला' झालं. 'दे'ला लावला, 'देलं' झालं. आला, गेला, दिलं ही मराठीची वाकडी रूपं आहेत, ती एकेक करून पाठच करावी लागतात. 'येला' घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणजे ही नक्कल नव्हती. अडीच वर्षांचं पोर व्याकरण रचत होतं आणि मी त्यावर काट मारत होतो.

यातली आणखी एक गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. 'येला' म्हणायच्या आधी काही महिने ती 'आला' अगदी बरोबर म्हणायची. तेव्हा तो ऐकून उचललेला अख्खा शब्द होता. नियम सापडला तसा तो मागे पडला, आणि कालांतराने आपला आपण परत आला. "आधी नीट बोलायची, आता बिघडली" असं वाटून अनेक घरांत या टप्प्यावर मुलांना टोकणं सुरू होतं. टोकू नका. बिघडलेलं काही नसतं.

अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली हे फार छान दाखवलं. तिने मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं 'वग', आणि मग तसेच दोन पक्षी दाखवून विचारलं, आता हे दोन काय? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तरी त्यांनी त्याचं अनेकवचन केलं. मराठीत हा खेळ घरी करून बघा. मी कागदावर एक गोल तोंडाचा प्राणी काढला आणि म्हटलं, "हा एक टिमका. आता इथे दोन आहेत, दोन काय?" नात म्हणाली, "टिमके." दुसरं चित्र काढलं. "ही एक फुबी. आता दोन काय?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फुब्या." तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. पुल्लिंगाचा एक नियम आणि स्त्रीलिंगाचा दुसरा, दोन्ही आत तयार होते.

तर पहिली गोष्ट ही: मूल जसं बोललं तसं लिहा. काना, मात्रा, चुकलेलं लिंग, अर्धवट वाक्य, सगळं तसंच ठेवा. आपली देवनागरी यासाठी फार सोयीची आहे. ती 'लिक्शा' म्हणाली तर 'लिक्शा' लिहिता येतं. मात्र ती स्वच्छ 'रिक्षा' म्हणाली असेल, तर गोड दिसावं म्हणून 'लिक्शा' करू नका. तीही दुरुस्तीच झाली, फक्त उलट्या दिशेची.

वही, पेन्सिल आणि अर्धा तास

साधी, रेघांची, शंभर पानी वही पुरते. महागड्या वहीत लिहिताना माणूस वाक्य निवडायला लागतो, चांगलं तेवढंच लिहितो, आणि अशाने उपयोगाचं बरंच निसटतं.

लिहायचं पेन्सिलीने. यामागे एक दुखणं आहे. माझी लेक लहान होती तेव्हा तिचं काही बोलणं मी छापखान्यातून आणलेल्या गॅली-प्रुफांच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या कच्च्या छापील कागदांच्या, पाठकोऱ्या बाजूवर टिपायचो. ते कागद पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होते. २६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. दोन दिवसांनी पेटी उघडली, तर शाईच्या पेनाने लिहिलेल्या कागदांवर निळे ढग उरले होते. ज्या दिवशी पेनातली शाई संपली म्हणून पेन्सिल घेतली होती, तेवढेच कागद वाचता आले. सात. वाळवून मी ते ठेवले आहेत. त्यातल्या एकावर तीन वर्षांच्या लेकीचं वाक्य आहे: "आई स्वयंपाकघर शिजवते." बाकी शाईबरोबर गेलं, आणि त्यातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. तिलाही नाही. म्हणून पेन्सिल, वही उंच फळीवर, आणि भरलेल्या वहीच्या पानांचे फोनवर फोटो.

वही एका जागी असली तरी टिपायची सोय घरभर हवी. आमच्याकडे फ्रिजवर दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आहे, तिच्याशेजारी वाण्याच्या बिलांचे पाठकोरे तुकडे चिमट्याला लावलेले. बाहेर असलो तर तिकिटाच्या मागे लिहितो. फोनवर दोन शब्द दाबून ठेवले तरी चालतं. पण हे अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवं. रात्री निवांत लिहू म्हटलं की वाक्याचा अर्थ उरतो आणि शब्द जातात, मग आपण त्या अर्थाला आपले शब्द देतो. हे मी इतक्या वेळा केलं आहे की आता वरण गॅसवर असलं तरी आधी तुकड्यावर लिहितो.

आवाज टिपून ठेवावा का, असं बरेच जण विचारतात. उच्चार राहतात हे खरं. पण फोन वर उचललेला दिसला की मूल तुमच्याशी बोलायचं थांबतं आणि फोनशी बोलायला लागतं. मी हा मार्ग सोडून दिला.

नोंदीत काय काय हवं

तारीख. वय, वर्षं आणि महिने. जागा. आधी काय चाललं होतं, एका ओळीत. मग शब्द. तुम्ही काही बोललात तर तेही, कारण पुष्कळदा मुलाचं वाक्य तुमच्या वाक्याला उत्तर असतं. आणि तुमचा तर्क लिहायचाच असेल तर चौकटी कंसात, म्हणजे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं हे कळेल. एक नोंद जशीच्या तशी देतो:

१७ जानेवारी २०२४. वय ३ वर्षं ६ महिने. ठाण्याहून ऐरोलीला जाताना गाडीत, खिडकीशी. दिघा गाव स्टेशनवर गाडी थांबली. गेल्या आठवड्यापर्यंत इथे थांबत नव्हती. मी म्हटलं, "हे नवीन स्टेशन झालं." ती: "हे ठाण्याचं बाळ की ऐरोलीचं?" मी: "तुला काय वाटतं?" ती: "दोघांचं. मध्ये झोपलंय ना." [शेजाऱ्यांकडे दिवाळीत बाळ झालं, ते आईबाबांच्या मध्ये झोपतं हे तिने पाहिलं आहे.]

दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. ती तारीख कुठेही मिळेल. पण शेजारच्या बाळाची ती कंसातली ओळ नसती, तर दोन वर्षांनी मलाही हे वाक्य नुसतं गोड वाटलं असतं. तिने दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून त्यांतलं साम्य पाहिलं, हे त्या ओळीमुळे दिसतं.

कान कुठे लावायचा

सगळंच लिहायला गेलात तर आठवड्यात थकाल. मी काही जागा ठरवून घेतल्या आहेत, तिथे कान जास्त टवकारतो.

सर्वांत मोठी जागा म्हणजे आपल्या भाषेतली अशी बोलणी, जी आपण ऐकायचं सोडून दिलेलं असतं. येऊरला सकाळी फिरायला गेलो होतो, डिसेंबर होता. मी म्हटलं, "थंडी वाजतेय का गं?" ती थांबली, कान दिला आणि म्हणाली, "नाही, मला ऐकू नाही येत." थंडी वाजते हे मी सत्तर वर्षं बोलतोय, ती 'वाजते' हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तसंच 'लागणे'. मामाची ओळख करून देताना आजी म्हणाली, "हा तुझा मामा लागतो." तिने विचारलं, "कुठे लागतो?" भूक लागते, ठेच लागते, गोड लागतं, नंबर लागतो, डोळा लागतो, दिवे लागतात, आणि मामाही लागतो. एवढी कामं एका क्रियापदाकडून करून घेणाऱ्या भाषेत मूल गोंधळत नाही, हेच नवल. अशी नोंद आली की मी समासात तारा काढतो.

काळाचे शब्द. "उद्या आपण बागेत गेलो होतो" असं ती म्हणायची. मी हसण्याआधी विचार केला. आपण मोठी माणसं 'परवा' हा एकच शब्द होऊन गेलेल्या आणि येणाऱ्या, दोन्ही दिवसांना वापरतो. आपल्याला क्रियापदावरून कळतं. तिने तीच सवलत 'उद्या'ला दिली होती.

आकडे. चपाती मोडून ती म्हणाली, "मला साडेएक दे." साडेतीन, साडेचार, साडेपाच हे रांगेत असताना दीड आणि अडीच मध्येच कुठून येतात, हे तिने का म्हणून गृहीत धरावं? पुढे मोजताना अठ्ठावीसनंतर ती 'नववीस' म्हणाली. शाळेत ते चूक म्हणून खोडलं गेलं, आणि खोडायलाच हवं होतं, एकोणतीस शिकायला हवं. पण घरी मी तिला सांगितलं की तुझ्यासारखंच मराठीने एकदा केलंय. अठ्ठ्याण्णवनंतर आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो. ती इतकी खूश झाली की दोन दिवस भेटेल त्याला नव्याण्णव सांगत होती.

मग वस्तूंना जीव असणं. तलावपाळीवरून रिक्षाने घरी येत होतो, पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. ती मान वाकडी करून वर बघत होती. "आबा, चंद्राला पण नौपाड्यात उतरायचंय?" चंद्र-सूर्य आपल्याबरोबर चालतात असं लहान मुलांना वाटतं, हे झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मुलांशी बोलून नोंदवलं आहे. जिनिव्हाच्या मुलांचा चंद्र आणि आमचा मासुंदा तलावावरचा चंद्र एकसारखाच वागतो, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

आणि तर्क. ऐरोलीला खाडीकाठी जैवविविधता केंद्र आहे, तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला तिला नेलं. एका पायावर उभा पक्षी बघून म्हणाली, "याची एक चप्पल हरवली, म्हणून दुसरा पाय चिखलात नाही ठेवत." मी तिला खरं ते सांगितलं, की फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं आणि जे शेवाळ नि बारीक जीव ते खातं त्यातल्या रंगामुळे हळूहळू गुलाबी होतं. ती ऐकून घेते, काही बोलत नाही. रात्री ताटात पालक आला. "नको. मी हिरवी होईन." आता यात चुकीचं काय आहे? तिला मी एक कारण दिलं होतं, तिने ते घरापर्यंत जपून आणलं आणि जिथे लागू पडत होतं तिथे लावलं. अशा वेळी आधी तो तर्क वहीत घ्यावा. पालकाचं नंतर बघता येतं.

मुलं कुठे बोलतात

समोर बसवून "बोल ना काहीतरी" म्हटलं की काहीही येत नाही. हात कामात असताना आणि नजर दुसरीकडे असताना बोलणं येतं. मटार सोलताना. नखं कापताना. केसांना तेल लावताना. एनएमएमटीच्या बसमध्ये खिडकीशी. दिवा मालवल्यावर पहिली दहा मिनिटं तर सोन्याची, फक्त तेव्हा अंधारात लिहायची सोय करून ठेवावी लागते. मी उशाशी कागद ठेवतो आणि मोठ्या अक्षरात चाचपडत लिहितो.

आमच्याच पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर ते वाढलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेकडे येत नाहीत म्हटल्यावर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द मी प्रुफात शेकडो वेळा वाचला होता. त्यातलं 'अंगण' मला नात झाल्यावर कळलं. मूल त्याच्या अंगणात बोलतं, आपण तिथे जाऊन बसायचं.

ऐकलं की काय करायचं

हसू आलं तर हसा, पण तिच्याबरोबर. ती गंभीर असेल तर गंभीर राहा. तिच्यासाठी तो प्रश्न खरा असतो.

"परत म्हण, परत म्हण" करू नका. दुसऱ्या वेळी जे येतं ते तुमच्यासाठी केलेलं असतं.

चूक दुरुस्त करायची तर उत्तरातून करा. "बाबा येला" म्हणाली तर "हो का, बाबा आला? चल, दार उघडू." एवढं पुरतं. बरोबर शब्द तिच्या कानावर पडतो आणि तिचं बोलणं तुटत नाही.

आणि "तुला काय वाटतं?" हे विचारून थांबा. मी मनात दहापर्यंत मोजतो. मोठ्या माणसाला ही दहा सेकंदं फार लांब वाटतात आणि आपण पाचव्यालाच उत्तर देऊन मोकळे होतो. दिघ्याच्या नोंदीतलं "दोघांचं, मध्ये झोपलंय ना" हे आठव्या-नवव्या आकड्याला आलं होतं.

एका प्रसंगी मात्र नुसतं विचारून भागलं नाही. आमच्या मजल्यावरच्या आजी वारल्या. घरात सगळे म्हणत होते, "आजी गेल्या." नात तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची. ती त्यांच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी गेल्या, तर चपला इथे कशा?"

मी ते लगेच लिहू शकलो नाही. संध्याकाळी लिहिलं. त्या दोन दिवसांत ती तीनदा दारापर्यंत जाऊन चपला बघून आली. 'गेल्या' या शब्दाने आपण मोठे एकमेकांना सांभाळून घेतो. तिच्यासाठी जो जातो तो येतो, बाबाही रोज जातो. मग मी तिला मांडीवर घेऊन साध्या शब्दांत सांगितलं, की आजी मेल्या, म्हणजे त्यांचं शरीर बंद झालं, आता त्या चालणार नाहीत, त्यांना दुखणारही नाही, आणि परत येणार नाहीत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग चपला कोणाला तरी देऊया. पाय असलेल्याला." त्यांच्या सुनेला मी हे सांगितलं. ती रडली, आणि त्या चपला तिने कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना दिल्या. मुलाचं वाक्य ऐकलं की नुसतं टिपून थांबायचं नसतं. त्यात कधी कधी प्रश्न असतो आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं.

काय वहीत घ्यायचं नाही

घरातल्या भांडणाचं, पैशाचं, आजारपणाचं मूल जे बोलून जातं ते मी लिहीत नाही. ते आईबापांचं आहे. त्यांच्या कानावर घालतो आणि सोडून देतो.

कुणी मारलं, कुणी नकोसा हात लावला, कुणाची भीती वाटते, असं काही मुलाच्या बोलण्यात आलं तर वही बाजूला ठेवा. शांतपणे ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा, खोदून खोदून प्रश्न विचारू नका, तिला रागावू नका, आणि त्याच दिवशी मदत घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो मोठ्यांनाही लावता येतो.

वहीचा उपयोग दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करायला करू नका, कुणाचं पोर लवकर बोलतं, कुणाचं उशिरा. पण दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलणं दिसत नसेल, "आई पाणी", "बाबा ये" असं काही, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. तुमच्या आठवणीपेक्षा तारखेसह लिहिलेल्या नोंदी त्यांना जास्त कामाच्या असतात.

हे बोलणं कुणाचं

इथे नावाचं कारण सांगतो. ती चार वर्षांची असताना एका बारशाला मी कौतुकाने चाळीस माणसांत तिचं एक वाक्य सांगितलं. कुठलं ते आता लिहीत नाही. सगळे मोठ्याने हसले, दोघांनी तिला परत म्हणायला लावलं. ती आजीच्या पदरामागे गेली. त्यानंतर अकरा दिवस तिने माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. वहीत ते अकरा दिवस कोरे आहेत, मी मुद्दाम तेवढी पानं सोडली आहेत. बाराव्या दिवशी मटार सोलताना तिने विचारलं, "हे तू सगळ्यांना सांगणार?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून बाहेर सांगायचं असेल तर तिला विचारतो. या लेखातली तिची वाक्यं मी तिला वाचून दाखवली. तिने दोन काढायला लावली, ती काढली आहेत.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर मुलाचं बोलणं नावासकट, फोटोसकट टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ते पोर उद्या पंधरा वर्षांचं होणार आहे. वही घरात राहते, तिला हवी तेव्हा तिच्या हातात देता येते.

मागे सूची करा

भरलेल्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवर मी सूची करतो, छापखान्यातली सवय. चंद्र: पान १२, ४०, ७७. चपला: ३१, ५८. मुंगी, मरण, मामा, आकडे. सूची करताना असं काही दिसतं जे रोज लिहिताना दिसत नाही. चंद्र रिक्षाबरोबर येतो हे साडेतीनला होतं. साडेचारला ती म्हणाली, "तो सगळ्यांच्या बरोबर जातो, मग घरी कधी जातो?" पाचला म्हणाली, "तो लांब आहे म्हणून तसं वाटतं." पान १२ ते पान ७७ मध्ये चंद्र आपला माग सोडून आकाशात जाऊन बसला.

चार्ल्स डार्विनने त्याच्या पहिल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या होत्या. मुलगा १८३९ चा, आणि त्या नोंदींवरचा लेख त्याने छापला १८७७ साली, ३७ वर्षं ठेवून. त्यात आहे की मुलगा बरोबर एक वर्षाचा असताना त्याने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला: मम. इंग्रजांच्या घरात तो शब्द नवा होता, म्हणून बापाने टिपला. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आया भात कालवून 'मंमं' म्हणतात आणि तो कुणी काढला हे कुणालाच माहीत नाही. कुठल्या तरी पोराने काढला असेल आणि आईने तसाच, दुरुस्त न करता, उचलला असेल.

जुन्या वह्या पावसाळ्याआधी उन्हात घालतो. ऐरोलीची हवा दमट, खाडी जवळ. पानांत कडुनिंबाचा वाळका पाला ठेवतो आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करतो.

गेल्या आठवड्यात मी लिहीत असताना ती शेजारी येऊन बसली. तिला आता जोडाक्षरं सोडून बाकी वाचता येतं. तिने आदल्या दिवसाचं पान वाचलं, मग आजचं कोरं पान बघितलं.

"आज काय लिहिणार?"

"आज तू फारशी बोलली नाहीस."

"मग तसं लिही. आज मी आतमधे बोलत होते."

मी तारीख टाकली, वय टाकलं आणि तसंच लिहिलं. 'आतमध्ये' असा शब्द आहे, हात एकदा अडला. 'आतमधे'च ठेवला.